मुद्देमाल कुणाचा?

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ साली चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात क्रमशः आली. इंग्रजीतल्या गुप्तहेर कादंबऱ्यांच्या आद्यस्थानी तिचं नाव घेतात. मी ती कॉलेजात शिकवते आणि शिकवताना दरवर्षी वैतागते. माझ्या नानाकाकांनी नाशिकच्या कोर्टात उभी हयात वकिली केली. ते रहस्यकथाकार अर्नाळकर आणि कॉलिन्स एकाच फळीवर ठेवतात आणि दोघांना सारखंच मानतात. या पुस्तकावरून आमचं कधी जमलेलं नाही. मागच्या खेपेला वाद पुरता रंगला, तो इथे उतरवते आहे. मी स्वतः एका पक्षाची, तेव्हा पारडं माझ्याकडे झुकलेलं दिसलं तर काकांनी हरकत नोंदवावी.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा पिवळा हिरा, टिटवीच्या अंड्याएवढा. गझनीच्या महमुदाच्या स्वारीतून तो वाचतो, काशीला जातो, औरंगजेबाच्या काळात लुटला जातो आणि हस्ते परहस्ते टिपूच्या खंजिराच्या मुठीत येऊन बसतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडतं तेव्हा हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी राखणदारांचे मुडदे पाडून तो लांबवतो. मरताना भाचीच्या नावे करतो. १८४८ च्या जूनमध्ये, यॉर्कशरच्या वाड्यात, याच भाचीच्या, रेचल व्हेरिंडरच्या अठराव्या वाढदिवसाच्या रात्री हिरा तिच्या खोलीतून नाहीसा होतो. वाड्याभोवती जादूगारांच्या वेषात तीन ब्राह्मण फिरत असतात. पुढची चारशे-साडेचारशे पानं प्रश्न एकच: हिरा चोरला कुणी?

“तिथेच माझी पहिली हरकत,” मी म्हटलं. “चोरी पहिल्याच प्रकरणात झालीय. चोर कोण तेही लेखकानं सांगून टाकलंय. आणि मग सगळं पुस्तक दुसऱ्याच चोरीचा तपास करत बसतं. चोराच्या घरी चोरी झाली म्हणून बोंब!”

“अगं, तेच तर त्याचं कसब,” काका म्हणाले. “कॉलिन्सनं वकिलीची सनद घेतली होती, १८५१ साली, लिंकन्स इनमधून. वकिली केली नाही कधी, पण कागद कसा रचायचा ते त्याला ठाऊक होतं. पुस्तकाची बांधणी बघ. सगळी जबान्यांची फाइल आहे. म्हातारा कारभारी बेटरेज आपल्याला ठाऊक तेवढंच सांगतो. ती पत्रकं वाटत हिंडणारी मिस क्लॅक तिचं सांगते, वकील ब्रफ त्याचं. ऐकीव पुरावा नको, ज्यानं जे पाहिलं तेवढंच त्यानं बोलावं. आणि या फाइलला त्यानं सुरुवातीला श्रीरंगपट्टण जोडलंय आणि शेवटी सोमनाथ. दोन पुठ्ठ्यांच्या मधे इंग्रजांचं घर. पुठ्ठे काढून वाचलंस तर ती साधी चोरीची गोष्ट. पुठ्ठ्यांसकट वाच.”

“पुठ्ठ्यांसकटच वाचतेय. आठ-दहा जबान्या आहेत ना या फाइलमध्ये? मूळ मालकाची कुठे आहे?”

काका गप्प झाले नाहीत. ते तसे होत नाहीत. पण चष्मा काढून पुसायला लागले. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

“तिघांना नावंसुद्धा नाहीत,” मी पुढे रेटलं. “लंगड्या लूसीला नाव आहे. वकिलाच्या कचेरीतल्या बटबटीत डोळ्यांच्या पोऱ्याला टोपणनाव आहे. समुद्र ओलांडून जात घालवलेले, वर्षानुवर्षं परक्या मुलखात दबा धरून बसलेले हे तीन ब्राह्मण मात्र ‘ते इंडियन’. मर्थवेट नावाचा प्रवासी त्यांच्याबद्दल बोलतो ते कसं? मांजराची चिकाटी आणि वाघाचं क्रौर्य, अशा भाषेत. म्हणजे माणसं नव्हेतच.”

“ब्रफच्या कचेरीतला प्रसंग विसरलीस.” आता काका खुलले. हा त्यांचा लाडका प्रसंग, आणि खरं सांगायचं तर माझाही. त्या तिघांतला प्रमुख माणूस उत्तम इंग्रजी पोशाख करून लंडनमध्ये वकील ब्रफकडे जातो. काम काय, तर एकच सवाल: कुणी मौल्यवान वस्तू तारण ठेवून कर्ज घेतलं, तर इथल्या रिवाजाप्रमाणे ते फेडायची मुदत किती? ब्रफ सांगतो, साधारण एक वर्ष. पाहुणा नमस्कार करतो आणि चालू लागतो. “ब्रफ त्याच्याबद्दल काय म्हणतो? असा आदर्श अशील बघितला नाही म्हणतो. वेळ खात नाही, फापटपसारा नाही, विचारायचं तेवढं विचारतो. अगं, माझ्या चाळीस वर्षांत असा एक अशील मला मिळाला नाही! त्या एका उत्तरावर तो हिशेब करतो, की सावकाराकडे तारण पडलेला हिरा पुढच्या जूनमध्ये बँकेतून बाहेर निघणार. इंग्रजांच्याच रिवाजाचं बोट धरून तो हिऱ्यापर्यंत पोचतो. ज्या इंग्रजी वाचकानं १८५७ मध्ये कानपूरच्या बातम्या वाचल्या होत्या, त्याच्यासमोर ११ वर्षांनी कॉलिन्स हा माणूस उभा करतो. हे लहान नाही.”

हे लहान नाही, हे मला मान्य आहे. १८५७ च्या ऑक्टोबरात खुद्द डिकन्सनं एका खाजगी पत्रात लिहिलं होतं, की आपण हिंदुस्थानात सेनापती असतो तर त्या वंशाचा निःपात करायला कसर ठेवली नसती. त्याच वर्षीच्या नाताळ अंकासाठी डिकन्स आणि कॉलिन्स यांनी मिळून एक दीर्घकथा लिहिली. तिची जागा मध्य अमेरिकेतली, खलनायक समुद्री चाचे. पण राग कुठला ते कुणालाही कळावं. त्यात कॉलिन्सचा हात होता. पुढे १८६८ मध्ये त्याच डिकन्सच्या साप्ताहिकात त्यानं अशी गोष्ट लिहिली, की तीन हिंदू एका इंग्रजाला उशीनं गुदमरवून मारतात, हिरा घेऊन निघून जातात आणि लेखक त्यांना फासावर चढवत नाही.

“आणि मारतात कुणाला?” काकांनी धागा उचलला. “गॉडफ्रे एबलव्हाइटला. धर्मादाय मंडळांचा वक्ता, बायकांच्या सभांमधला देवमाणूस! मिस क्लॅकच्या डोळ्यांतला संत. तो चोर निघतो. लंडनच्या नदीकाठच्या खानावळीत खलाशाचा मुडदा पडलाय, रापलेला, काळसर चेहऱ्याचा, दाढीवाला. तपास करणारा सार्जंट कफ त्याचा टोप काढतो, दाढी काढतो, तोंडावरचा रंग पुसतो. खाली कोण? गोरापान सद्गृहस्थ! कॉलिन्सनं याहून उघड काय बोलायचं?”

“गॉडफ्रे वाईट, हर्नकॅसल वाईट. मान्य. पण असं एकेक वाईट माणूस दाखवलं की बाकीचं सगळं धुऊन निघतं, काका. श्रीरंगपट्टणचंच घ्या. कादंबरीत जनरल बेअर्ड दवंडी पिटवतो, की लूट करताना कुणी सापडला तर त्याला फाशी. म्हणजे सैन्य शिस्तीचं, एक हर्नकॅसल तेवढा नासका. खरं काय झालं होतं? ४ मे १७९९ च्या रात्री शहर धुऊन निघालं. दुसऱ्या दिवशी आर्थर वेलस्लीनं चार शिपाई फासावर दिले, ते खरं. पण त्यानंतर? लुटीची रीतसर मोजदाद झाली. त्यासाठी नेमलेले एजंट होते. टिपूचं सिंहासन फोडून त्याचे तुकडे केले आणि दर्जाप्रमाणे वाटे पाडले. सरसेनापती हॅरिसच्या वाट्याला एक लाख पौंडांहून जास्त रक्कम आली. शिपायानं घेतली तर चोरी, आणि यादी करून घेतली तर ‘प्राइझ मनी’. हर्नकॅसलचा गुन्हा खून हा नव्हेच. त्यानं यादीत न लिहिता घेतलं, हा त्याचा गुन्हा.”

“वा!” काका म्हणाले. वकील माणसाला प्रतिपक्षाचा मुद्दा आवडला की तो मोठ्यानं दाद देतो आणि लगेच सुरी काढतो. “आता मी विचारतो. रेचलच्या आईला ठाऊक होतं ना, भाऊ हिरा कसा घेऊन आला ते? फ्रँकलिन ब्लेकला ठाऊक होतं? तो हिरा बँकेत ठेवतो, बँकेतून काढतो, वाड्यावर आणतो. त्या चांगल्या, सोज्ज्वळ, देवभीरू घरातल्या एका तरी माणसाच्या तोंडी येतं का, की ज्याचा आहे त्याला परत द्या? नाही येत. माहीत असून चोरीचा माल बाळगणे, जुन्या पीनल कोडचं कलम ४११! कॉलिन्सनं ते घर जितकं गोड रंगवलंय तितकं ते या एका गोष्टीनं उघडं पडतं. तो ओरडून सांगत नाही, एवढंच.”

“न ओरडता सांगितलेलं ऐकू कुणाला जातं? बेटरेज म्हणतो, आमच्या शांत इंग्लिश घरावर या सैतानी हिऱ्यानं आक्रमण केलंय. वाचक हसतो, पण त्याच्याच बाजूनं हसतो. आक्रमण कुणी कुणावर केलं हे कुठल्या कुठे जातं.”

“बेटरेज विनोदी पात्र आहे.”

“सगळ्यात लाडकं पात्र आहे.”

“असेना. तो करतो काय ते बघ ना. अडचण आली की ‘रॉबिन्सन क्रूसो’ काढतो, कुठलंही पान उघडतो आणि त्यातून शकुन काढतो. कोकणातला माणूस देवाला कौल लावतो तसा! ब्राह्मण पोराच्या तळहातावर शाई ओतून भविष्य बघतात ती अंधश्रद्धा, आणि हा क्रूसोला कौल लावतो ते काय? आणि पुस्तक तरी कुठलं? गुलाम आणायला निघालेल्या माणसाचं. क्रूसोचं जहाज फुटतं ते ब्राझीलमधल्या मळ्यांसाठी गिनीहून गुलाम आणायला जाताना. कॉलिन्सनं हे न समजता निवडलं असेल?”

न समजता निवडलं नसेल, असं मलाही वाटतं. शिकवताना या जागी मुलं हमखास हसतात. क्रूसो कुठे निघाला होता हे सांगितल्यावर थांबतात. तरी मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मी काकांपुढे मांडलं.

कादंबरीतला हिंदुस्थान दोन जागांवर उभा आहे, सोमनाथ आणि काशी. महमुदानं एक फोडलं, औरंगजेबानं दुसरं. मधे टिपू, शेवटी इंग्रज. लुटारूंची रांग लागली आहे आणि इंग्रज तिच्यात शेवटचे. जेम्स मिलच्या १८१७ च्या इतिहासानं हिंदूंचा काळ, मुसलमानांचा काळ आणि ब्रिटिशांचा काळ अशी जी वाटणी केली, तिच्यातच ही गोष्ट बसते. देवळं फोडली कुणी, हे सगळं तिच्यात आहे. बांधली कुणी? काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० मध्ये उभं राहिलं, सोमनाथला फुटक्या देवळाशेजारी नवं देऊळ १७८३ मध्ये उठलं. दोन्ही अहिल्याबाई होळकरांची. श्रीरंगपट्टण पडायच्या किमान सोळा वर्षं आधी. कॉलिन्सच्या हिऱ्याच्या वाटेवर ती बरोबर उभी आहेत आणि त्याला दिसत नाहीत. त्याच्या हिंदुस्थानात मूर्ती आहेत, राखणदार आहेत, लुटारू आहेत. खजिन्याचा हिशेब ठेवणारी, गवंडी लावणारी, यात्रेकरूंसाठी घाट बांधणारी एक विधवा राज्यकर्ती त्यात मावत नाही.

“तो इकडे आला नव्हता कधी,” काका म्हणाले. आवाज जरा उतरला होता. “पुस्तकं वाचून लिहिलंय त्यानं. पुस्तकांत नव्हतं ते त्याच्यात कुठून येणार?”

“मी त्याला फाशी देत नाहीये. पुस्तकांत नव्हतं, हेच म्हणतेय.”

“पण सोमनाथचा मुद्दा तू काढलासच, तर एलनबरो आठव.” काकांची गाडी परत रुळावर आली. “१८४२. अफगाणिस्तानात मार खाल्लेला, म्हणून गव्हर्नर जनरल एलनबरोनं टूम काढली. गझनीहून महमुदाच्या कबरीवरचे दरवाजे उचलून आणले आणि जाहीरनामा काढला, की सोमनाथचा आठशे वर्षांचा अपमान आम्ही धुऊन काढला. दरवाजे निघाले देवदारी. सोमनाथचे नव्हतेच. आग्र्याच्या किल्ल्यात पडले. पार्लमेंटात मेकॉलेनं त्याची सालटी काढली. तोच मेकॉले ज्यानं पीनल कोडचा मसुदा केला, कलम ४११ चा बाप. आता कॉलिन्सकडे बघ. त्याच्या गोष्टीत सोमनाथची वस्तू सोमनाथला जाते. पण कुणा लाटसाहेबाच्या मेहेरबानीनं नाही. ज्यांची होती ते जातात, शोधतात, हिसकावतात आणि घेऊन येतात. इंग्रजाचा हात लागत नाही. एलनबरोच्या नाकावर टिच्चून लिहिलेला शेवट आहे हा!”

हा काकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कारण प्रत्यक्षात तसं कधी घडलं नाही. कादंबरीचा काळ १८४८ ते १८५०. १८४९ च्या मार्चमध्ये लाहोरला दहा वर्षांच्या दुलीपसिंगाच्या सहीनं कोहिनूर तहात लिहून घेतला गेला. १८५० मध्ये तो व्हिक्टोरिया राणीला दिला, १८५१ च्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून पाहिला आणि १८५२ मध्ये घासायला घेतला. १८६ कॅरटचा साधारण १०६ वर आला. पहिला पैलू पाडायला सानेवर धरला वेलिंग्टनच्या ड्यूकनं, म्हणजे श्रीरंगपट्टणला शिपाई फासावर चढवणाऱ्या त्याच आर्थर वेलस्लीनं. कादंबरीत हर्नकॅसल आपला जीव वाचवायला अशीच धमकी लिहून ठेवतो: मला मारलंत तर हिरा ॲम्स्टरडॅमला जाईल आणि त्याचे तुकडे होतील. ब्राह्मण थांबतात. राणीपुढे अशा धमकीची गरज नव्हती.

“आणि आपला?” काका म्हणाले. ‘आपला’ म्हणजे त्र्यंबकेश्वराचा. हा विषय नाशिककर काढणारच. त्र्यंबकच्या शिवाचा म्हणून परंपरेनं सांगितला जाणारा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला, दख्खनच्या लुटीत धरला गेला आणि लंडनच्या जवाहिऱ्यांकडे पोचला. तिथे तोही घासला. १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. दख्खनच्या त्या लुटीच्या वाटपाचे कागद वर्षानुवर्षं चालले आणि त्याच्या विश्वस्तांत पुन्हा वेलिंग्टन. सगळं रीतसर, नोंदीसह, सहीशिक्क्यानिशी. त्याच्यामागे कुणी तीन माणसं लंडनला गेली नाहीत.

“म्हणूनच कॉलिन्सला ती कल्पनेत पाठवावी लागली,” काका म्हणाले.

“पाठवली आणि मुकी ठेवली. ज्याला बोलता आलं असतं तो एझरा जेनिंग्ज. बाप इंग्रज, आई दुसऱ्या वंशाची, जन्म कुठल्याशा वसाहतीतला, केस अर्धे काळे अर्धे पांढरे. गाव त्याला टाळतं. आणि गुन्हा उलगडतो तोच! फ्रँकलिनला त्या रात्री नकळत अफू पाजली होती आणि त्या गुंगीत त्यानंच हिरा उचलला, हे तो त्याला परत अफू देऊन सिद्ध करतो. पण त्याची आई कोण, वसाहत कुठली, हे एका शब्दानं कळत नाही. मरताना सांगतो, माझे कागद माझ्याबरोबर पुरा, थडग्यावर नाव नको. कॉलिन्सनं एकमेव साक्षीदार तयार केला जो दोन्हीकडचा होता, आणि त्याची जबानी पेटीत घालून पुरली. शिवाय अफू! कोणत्या देशात पिकते, कोणत्या बंदरातून चीनला जाते, तिच्यासाठी १८३९ मध्ये युद्ध का झालं, यातलं काही नाही. ती नुसती डॉक्टरच्या बाटलीत आहे.”

“कॉलिन्सच्याही बाटलीत होती. संधिवातानं लोळत असताना लॉडनम पिऊन लिहिलंय त्यानं हे. दुखणाऱ्या माणसाला अफू कुठून येते ते सुचत नाही.”

हे उत्तर नव्हे, पण मी सोडून दिलं. अफूवर बोलायला लागलो असतो तर मुंबईच्या शेटजींपर्यंत जावं लागलं असतं, आणि चहा गार होत होता.

काकांनी शेवटच्या पानांवर यायचं ठरवलं. तिघे हिरा घेऊन जहाजावर चढतात. जहाज मुंबईला निघालेलं. मुंबईच्या अधिकाऱ्यांना वर्दी गेलेली, की बंदरात लागताच जहाजावर चढा, उतरू देऊ नका. आणि काठेवाडच्या किनाऱ्यासमोर वारा पडतो. रात्री तिघे होडी सोडतात आणि पसार. “हद्दीचा प्रश्न!” काकांनी मांडीवर थाप मारली. “मुंबईला उतरले असते तर इंग्रजी कोर्ट. सोमनाथ पाटण म्हणजे जुनागढ संस्थान, नबाबाचं राज्य. कंपनीच्या शिपायाचं वॉरंट तिथे थेट चालायचं नाही. कॉलिन्सनं वारा नेमका कुठे पाडला बघ.”

“नबाबाचा उल्लेख आहे का पुस्तकात?”

“नाही.”

“म्हणजे देवळाचं रक्षण मुसलमान नबाबाच्या राज्यात होतंय, हे सांगितलं की लुटारूंची रांग बिघडते.”

“ते तू म्हणतेस.” काका हसले. “पण हिरा पोचला ना? चांदण्या रात्री, हजारो यात्रेकरू, देवाच्या कपाळावर तो पिवळा हिरा. आणि ते तिघे प्रायश्चित्त म्हणून तीन दिशांना निघतात, परत कधी एकमेकांना भेटायचं नाही. या शेवटाला तू नाव ठेवू शकत नाहीस.”

“सांगतो कोण ते?”

“मर्थवेट. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार.”

“तिथे कसा पोचला?”

“वेषांतर करून.”

“कसलं वेषांतर?” काकांनी उत्तर दिलं नाही. मग मीच पुस्तक काढून ती ओळ त्यांच्यापुढे धरली. मर्थवेट सांगतो, की मी दूरच्या प्रांतातला हिंदू-बौद्ध यात्रेकरू म्हणून खपून गेलो. “१८५० मध्ये, काठेवाडात, सोमनाथच्या जत्रेत, ‘हिंदू-बौद्ध’! काका, जुनागढच्या चहावाल्यानंसुद्धा त्याला तिथल्या तिथे पकडला असता.”

काकांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. “चहावाले नव्हते तेव्हा,” ते म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलून बराच वेळ छताकडे बघत राहिले.

“म्हणजे साक्षीदार खोटा.”

“उलटतपासणीत पाच मिनिटं टिकणार नाही.”

“आणि हिरा सोमनाथला पोचला याला दुसरा पुरावा नाही. फाइलमधला शेवटचा कागद त्याचाच.” काकांनी चष्मा चढवला. त्यांच्यातला वकील आता कुणाच्याच बाजूचा राहिला नव्हता, त्याला फक्त केस दिसत होती. “मग मुद्देमाल गेला कुठे? होडी किनाऱ्याला लागली हे तरी कुणी पाहिलं?”

“जहाजाच्या कप्तानानं होडी नाहीशी झाल्याचं सांगितलंय. एवढंच.”

“कप्तानाची जबानी दे इकडे,” काका म्हणाले आणि पेन्सिल शोधायला लागले.